जळक्या वंगणाचा हिशेब

मोटारीचे इंजिन असो वा कारखान्यातील गिअर, धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. हा थर राखणारे वंगणतेल कालांतराने काळे पडते, बदलले जाते आणि तेथेच त्याविषयीची आस्था संपते. वस्तुतः खरा हिशेब तेथून सुरू व्हायला हवा.

इंधन जळून नाहीसे होते. वंगणाचा बराचसा भाग मात्र वापरानंतरही शिल्लक राहतो. संपतात ती त्यात मिसळलेली रासायनिक पूरक द्रव्ये. मूळ तेल काजळी, पाणी आणि धातूच्या कणांनी मुख्यतः मळते. पाणी काढून, निर्वात ऊर्ध्वपातन व हायड्रोजन प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याजोगे करता येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानुसार सुमारे १५९ लिटर कच्च्या तेलातून जेवढे, म्हणजे २.४ लिटर वंगण मिळते, तेवढेच अवघ्या ३.८ लिटर वापरलेल्या तेलातून मिळू शकते. मुंबईत माहुलच्या कारखान्यांत मूळ वंगणतेल तयार होत असूनही देशाची मोठी गरज आयातीवर भागते. अशा देशाला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये घातक कचरा नियमांत दुरुस्ती करून, १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादक व आयातदारांवर टाकली. पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट ५ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. त्यासाठी पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेण्याची मुभा आहे.

धोरण योग्य आहे. अडचण गॅरेजच्या दारात आहे. तेथे ‘जळके ऑइल’ रोख पैसे मोजणाऱ्याला विकले जाते. मग ते भट्टीत स्वस्त इंधन म्हणून जळते आणि त्यातील जड धातू हवेत मिसळतात. किंवा जुजबी गाळून नव्या डब्यात भरले जाते आणि एखाद्या रिक्षाचालकाचे इंजिन निकामी करते. गटारात ओतलेले तेल तर थेट नदी-खाडी गाठते.

अधिकृत संकलक गॅरेजला रास्त भाव देत नाही, तोवर हा प्रवाह बदलणार नाही. प्रत्यक्षात गोळा झालेले तेल आणि विकलेली प्रमाणपत्रे यांचा मेळ प्रदूषण नियंत्रण मंडळांनी काटेकोरपणे तपासला नाही, तर उद्दिष्टे कागदावर पूर्ण होतील आणि तेल भट्टीतच जळत राहील.