कुंडीतला रोग, शेजारचे शेत

मे २०२० मध्ये सातारा, पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत टोमॅटोची फळे हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांनी विटली. शेतकऱ्यांनी ह्या रोगास ‘तिरंगा’ असे उपरोधिक नाव दिले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा प्रमुख दोषी ठरला तो काकडी मोझॅक विषाणू.

नाव काकडीचे असले तरी हा विषाणू हजारावर वनस्पतींत वस्ती करतो. शेवंती, ग्लॅडिओलस, लिली, पेटुनिया, झिनिया ही बागेची शोभा त्यांतच येते. मावा रोगट पानात क्षणभर सोंड खुपसतो आणि पुढच्या झाडाला रोग देऊन मोकळा होतो. फवारणीने मावा मरतो खरा. पण तोवर काम झालेले असते. शिवाय कंदातून आणि छाटकलमातून रोग पुढच्या पिढीत उतरतो. २०२० ची साथ कुंड्यांतूनच आली, असा आरोप येथे करावयाचा नाही. वाट मात्र उघडी आहे.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये रेघारेघांच्या ट्युलिपला सर्वांत चढा भाव येई. १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. ती नक्षी संसर्गजन्य असल्याचे इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले. तिच्या मुळाशी विषाणू होता. रोगामुळे मागणी वाढली आणि कंद क्षीण होऊन पुरवठाही रोगानेच आटला! आमच्या विद्यार्थ्यांना किंमत-सिद्धान्ताचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

आपला प्रश्न निराळा आहे. महामार्गाच्या कडेला रोप विकणारा नफा घेतो, घेणारा शोभा घेतो; रोग पसरला तर नुकसान मात्र कुंपणापलीकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्याचे. अर्थशास्त्रात ह्याला सामाजिक परिव्यय म्हणतात. तो किमतीत उतरत नाही, म्हणून तेथे कायदा लागतो. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. ऊतिसंवर्धित रोपांच्या विषाणू-तपासणीची केंद्रीय प्रमाणन व्यवस्था २००६ मध्ये आली. फुलझाडांच्या साध्या कंदाला व कलमाला ह्यांपैकी काहीच लागू नाही.

लहान रोपवाटिका चालविणाऱ्या कुटुंबावर परवान्याचे आणखी एक ओझे टाकू नये, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक कुंडी तपासणे हास्यास्पदच ठरेल. परंतु कलमे जिच्यापासून काढतात त्या मातृवृक्षांची वर्षातून एकदा, शासनाच्या खर्चाने तपासणी आणि रोगट आढळल्यास भरपाई देऊन ते जाळणे, एवढे कृषी खात्याला अशक्य नाही. भरपाई वगळली, तर रोगट झाड कोणी दाखविणारच नाही.