स्टेडियमचे रिकामे दिवस कोणाचे?

मोठे सामने वर्षातून मोजकेच. बाकीचे दिवस स्टेडियम नुसतं पडून असतं आणि खर्च मात्र रोजचा, तेव्हा या रिकाम्या दिवसांतून कमाई करा, असा सल्ला सध्या सगळीकडून मिळतो. गाण्याच्या मैफली भरवा, लग्नाला द्या, कंपन्यांचे मेळावे घ्या, तिकीट लावून मैदान दाखवा. हिशेब म्हणून यात चूक नाही. गवताला रोज पाणी लागतं, विजेचं बिल येतं, पगार द्यावे लागतात. माझा आक्षेप 'रिकामे' या एका शब्दाला आहे.

सामन्याच्या दिवशी स्टेडियम बघणाऱ्यांचं असतं. ज्यांना अजून खेळाडू व्हायचंय, त्यांचं ते इतर दिवशी असतं. जिमखान्याचं सभासदत्व बापजाद्यांकडून मिळालेल्यांची अडचण होत नाही. वस्तीतल्या, वसतिगृहातल्या पोरीला मात्र सिंथेटिक ट्रॅक दुसरीकडे कुठे मिळणार? त्याच दिवशी तिथे रोलर फिरवणारा, गवत कापणारा, संडास धुणारा माणूसही असतो. ही माणसं बहुतेक आपली असतात. ती ज्याला दिसत नाहीत, त्यालाच मैदान रिकामं वाटतं.

ही न दिसण्याची रीत जुनी आहे. पाळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी झाडायचे, रोलर फिरवायचे, जाळी लावायचे. सामना नसलेल्या दिवशी साहेबांना सराव हवा म्हणून गोलंदाजी टाकायचे. तिथेच हिंदुस्थानचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज घडला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांची गोलंदाजी घेतली, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. १९३७ ला ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, हे आपण विसरलेलो नाही. पण तो गोलंदाज घडला तो सामना नसलेल्या दिवशीच. ते दिवस तेव्हा कोणी भाड्याने दिले असते, तर बाळू आयुष्यभर रोलरच ओढत राहिले असते.

आता पैशाचं बोलू. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या कामांकडे दिल्ली सरकारने अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले शेकडो कोटी रुपये वळवल्याचं माहितीच्या अधिकारातून बाहेर आलं. राज्यसभेत गदारोळ झाला आणि खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांना ते मान्य करावं लागलं. तो पैसा शिष्यवृत्तीचा, घरांचा, वसतिगृहांचा होता. कुठला रुपया कुठल्या विटेत गेला, हा वाद मी घालत नाही. आपल्या वाट्याचा पैसा या खेळात गेला, एवढं पुरेसं आहे.

मग त्या वास्तू कोणाच्या कामी आल्या? त्याच स्पर्धेसाठी दिल्ली सरकारने त्यागराज स्टेडियम बांधलं. एका सनदी अधिकाऱ्याला कुत्रा फिरवायचा असतो म्हणून तिथल्या खेळाडूंना संध्याकाळी सातपर्यंत बाहेर काढलं जातं, अशी बातमी २०२२ मध्ये आली. अधिकाऱ्याची बदली झाली आणि मैदानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा आदेश निघाला. बातमी आली म्हणून आदेश निघाला. न आलेल्या बातम्यांचं काय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिलजित दोसांझच्या दोन मैफली झाल्या. त्यानंतर तिथे सराव करणाऱ्या एका धावपटूचा व्हिडिओ देशभर फिरला. ट्रॅकवर दारूच्या बाटल्या, सडकं अन्न, मोडलेले हर्डल. साफसफाई आयोजकांनी करून द्यायची, असा करार असल्याचं सांगण्यात आलं. पण आयोजक काही हातात झाडू घेत नाही. झाडू कंत्राटदाराकडे जातो आणि कंत्राटदाराकडून कोणत्या जातीच्या हातात जातो, ते या देशात विचारावं लागत नाही. कमाईच्या आकड्यात त्या हातांची मजुरी किती आणि त्या पोरांचे बुडालेले दिवस किती, हे कोणी लिहून ठेवलंय का?

कोणी म्हणेल, पैसा आला नाही तर स्टेडियमला कुलूप लागेल आणि मग पोरांनी पळायचं कुठे? खरं आहे. म्हणून मी कमाईच्या विरोधात नाही. कोणाची जागा न घेताही कमाई होते. कोचीच्या नेहरू स्टेडियमखाली दुकानांचे गाळे भाड्याने आहेत. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या छतावरचे सौर पॅनेल वीज तयार करतात. या दोन्हीमुळे कोणाची धाव थांबत नाही. तिकीट लावून मैदान दाखवायचं तर जरूर दाखवा, पण बाळूंचा रोलर आणि ते मातीचं भांडंही दाखवा.

आणि मैफल भरवायचीच असेल, तर सरकारी जमिनीवरच्या, सरकारी पैशाच्या प्रत्येक स्टेडियमकडे आपल्या चार मागण्या आहेत. सरावाचे तास आधी ठरवा, बुकिंग मागाहून घ्या. सराव बुडाला तर पर्यायी मैदान आणि तिथवर जाण्याचं भाडं आयोजकाच्या अनामत रकमेतून द्या. मैदान राखणाऱ्या आणि साफ करणाऱ्या माणसांना कंत्राटातून काढून कायम करा. प्रत्येक कार्यक्रमाचं भाडं किती आलं आणि त्यातलं सरकारी शाळांच्या, समाजकल्याण वसतिगृहांच्या मुलांच्या खेळावर किती गेलं, ते फाटकावर लावा.

ही मेहेरबानी नाही. आपला पैसा तिथे आधीच लागलेला आहे, आणि ज्याचा पैसा लागलाय त्याला हिशेब विचारायचा हक्क असतो. तुमच्या गावात, शहरात असं स्टेडियम असेल, तर हा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.