आराखडा संशोधनाचा की अर्जाचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच. डी. ऐच्छिक ठरविली आणि नेट, सेट यांसारख्या परीक्षांची किमान पात्रता कायम ठेवली. नोकरीसाठी पदवी, हा धाक त्यामुळे काहीसा ओसरला. ज्यांना खरोखरीच काही शोधायचे आहे त्यांनीच आता या वाटेस यावे, अशी अपेक्षा त्यावरून बाळगता येईल. परंतु ती फलद्रूप व्हावयाची तर सुधारणेचा आरंभ प्रबंधापासून नव्हे, त्याच्या आराखड्यापासून व्हावयास हवा. शिक्षणशास्त्रासारख्या विषयात तर ही निकड अधिकच आहे.

मान्य झालेले आराखडे ‘शोधगंगोत्री’ या भांडारात आज कोणासही पाहता येतात. ‘अमुक तालुक्यातील तमुक विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ हा शीर्षकांचा साचा आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. साचा तोच, तालुका तेवढा बदलतो. उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, प्रश्नावली ही प्रकरणे यथासांग असतात. नसतो तो प्रश्न. ज्याचे उत्तर संशोधकाला अगोदरच ठाऊक आहे, तो प्रश्न नव्हेच. ‘गरिबीमुळे शिक्षणात अडथळे येतात’ हे सिद्ध करण्यास तीन वर्षे कशाला खर्ची घालावयाची?

एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यामागोमाग मुलेही जातात. ती गावीच राहावीत म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आखली. नातेवाइकांकडे राहावयाचे, शाळेत जेवावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप. या मुलांच्या ‘समस्यांचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘योजनेमुळे गावी राहिलेले मूल फडावर गेलेल्या मुलापेक्षा हंगामाअखेर अधिक चांगले वाचते काय?’ हा प्रश्न झाला. याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते, आणि तसे आले तर शासनास आपल्या धोरणाचा फेरविचार करावा लागेल. म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

मात्र येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक शंका सतावल्यावाचून राहत नाही. मुलाला मागे कोण ठेवते? ज्याच्या घरी धडधाकट आजी आहे, ज्याची उचल तुलनेने थोडी आहे, ज्याला शाळेची ओढ आहे, तो. ही मुले मुळातच वेगळी असतील, तर वाचनातील अंतराचे श्रेय योजनेस देता येणार नाही. यास्तव हंगामापूर्वी आणि हंगामानंतर अशी दोनदा चाचणी घेणे आणि कुटुंबांच्या स्थितीची नोंद ठेवणे भाग आहे. एवढ्यानेही शंका पुरती फिटेल असे नाही. ती कितपत उरते, हे आराखड्यातच स्पष्ट केले पाहिजे. शिवाय, डिसेंबरमध्ये शाळेत प्रश्नावली वाटणाऱ्यास स्थलांतरित मूल भेटणारच नाही. ते उसाच्या फडात असेल. संशोधनाचे वेळापत्रक ऊसतोडणीच्या हंगामाशी जुळते की विद्यापीठाच्या सत्राशी, एवढ्यावरून आराखड्याची पारख करता येते. मोजमापाच्या साधनांची तर वाण नाही. २००५ पासून चालत आलेल्या ‘असर’ पाहणीत मुलांचे वाचन घरी जाऊन तपासले जाते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. यामागील कारणे शोधणे हे शिक्षणशास्त्राचे काम नव्हे काय?

नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाकडे एवढा वेळ आणि पैसा कोठून यावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. पण त्यावरचा उपाय प्रश्न लहान करणे हा आहे, पोकळ करणे हा नव्हे. संपूर्ण जिल्ह्याऐवजी चार गावे घ्यावीत, परंतु ती नीट पाहावीत. गोखले अर्थशास्त्र संस्थेत अ. रा. कामत यांनी १९६० च्या दशकात पुणे विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या गळतीचा असाच मर्यादित, आकड्यांच्या पायावर उभा असलेला अभ्यास केला होता. तो मार्ग अद्याप मोकळा आहे.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नव्हे. आराखडे मंजूर करणाऱ्या समित्यांनी शीर्षकातील शब्दांवर काथ्याकूट करण्याऐवजी प्रत्येक उमेदवाराला दोनच गोष्टी विचाराव्यात: तुमचे म्हणणे चुकीचे ठरेल असा कोणता पुरावा तुम्ही शोधणार आहात? आणि तो सापडला तर काय कराल? उत्तर मिळेपर्यंत मान्यता रोखून धरावी. त्यामुळे नोंदणी काही महिने लांबेल खरी. पण कपाटात धूळ खाणाऱ्या प्रबंधावर आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालविण्यापेक्षा तो विलंब केव्हाही स्वस्त पडेल.