उन्हाळी सुट्टी आणि शंभर दाणे



पोरांना सुट्टी लागली. भर दुपारी त्यांना घरात थोपवायचे कसे? एक छंद लावून पाहा.

घरच्या सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे दाणे काढून त्यातले 100 मोजावेत. निवडून घेऊ नयेत, नाहीतर हिशेब खोटा ठरतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडायचे काम धाकट्याकडे. पाच-सहा दिवसांनी जोमदार कोंब मोजावेत. 70 किंवा जास्त भरले तर बियाणे चालेल. थोडे कमी असले तर एकरी बियाणे वाढवावे. फारच कमी असले तर ते पोते पेरू नये. सोयाबीनचे टरफल पातळ, पोते आपटले तरी उगवण घटते.

एका वर्षी मीच एका घरी नुसते दाणे बघून "पेरा बिनधास्त" म्हणालो होतो. त्यांची दुबार पेरणी झाली. पुढे गेलो तेव्हा त्या माऊलीने चहा दिला, पण शब्द बोलली नाही.

मोजणी झाली की पन्हे करावे. कैरी विस्तवात भाजून घ्या. उकडलेलीपेक्षा मला तीच आवडते. गूळ, मीठ, वेलदोडा तुमच्या चवीने.

रात्री अंगणात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) मोठ्याने वाचा. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. शेवटाकडे दुष्काळ येतो. तिथे आजोबा आपल्या आठवणी काढतील. तेवढा वेळ पुस्तक मिटून ठेवा.