मांजरापायी पाच माणसे



9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातील वाकडी गावी शेणाने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा तेवढा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता. वर्षही सरले नाही तोच, 3 एप्रिल 2025 रोजी आपल्याच राज्यात, खंडवा जिल्ह्यातील कोंडावतला, गणगौर विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जण विषारी वायूने मेले. तेथेही एकाला वाचवायला दुसरा धावला होता.

आपण मात्र म्हणून मोकळे होतो, "वेळ भरली होती!" वेळ कसली? हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि तो मजुराचा नाही, आपला आहे.

गाळ, शेण, मैला कुजला की विषारी वायू तयार होऊन तळाशी साचतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे उतरणाऱ्याला वाटते. कंदील सोडून पाहण्याची आजोबांची रीत प्राणवायू कमी आहे एवढेच सांगते. विष ओळखत नाही, आणि ज्वालाग्राही वायू असला तर भडकाच!

सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या वारसांना 30 लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी बजावले. पण बागेतल्या विहिरीत उतरणाऱ्या मजुराला विचारतो कोण? आम्ही बँकेतली माणसे. विहिरीच्या, मोटरपंपाच्या कर्जाला सातबारासारखे कागद, जामीनदार, सगळे मागतो. दोर आहे का, हे आम्हीही आजवर विचारले नाही.

1956 साली आपण मध्य प्रदेशात राहिलो, मराठीची उपेक्षा झाली, हे गाऱ्हाणे आपण दर मेळाव्यात मांडतो. ते खरेच आहे. पण आपल्या संत्र्याच्या बागेत गाळ काढणाऱ्याची उपेक्षा कोणी केली? दिल्लीने की भोपाळने?

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. मोहगाव नगर परिषदेने वायू मोजण्याचे यंत्र, हवा सोडणारा पंखा, तिपाई-कप्पी आणि अंगपट्टा ठेवावा. शेतकऱ्याला तो मागताच मिळावा. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी, गाळ काढण्याच्या हंगामाआधी, होमगार्ड व आपत्ती दलाकडून मजुरांना आणि गावच्या पोरांना शिक्षण मिळावे. धडे मोजकेच आहेत: आधी हवा तपासा, अंगाला दोर बांधा, वर माणूस कायम उभा ठेवा, खालचा बेशुद्ध पडला तर वरूनच ओढा, मागे उडी घेऊ नका.

आणि आपण? जुन्या घराण्यांनी शपथ घ्यावी, की दोराशिवाय आपल्या विहिरीत कोणी उतरणार नाही. मंगळवारच्या जनसुनवाईत हे निवेदन घेऊन जायचे आहे. सही करण्याआधी प्रत्येकाने आपल्या विहिरीवर जाऊन पाहावे, तेथे दोर आहे का!