कॅपरकेलीला जागा हवी

ग्राउझ कुळातला सर्वांत मोठा पक्षी म्हणजे कॅपरकेली. नराचे वजन साधारण चार किलो भरते. हिवाळा तो पाइनच्या सुया खाऊन काढतो. स्कॉटलंडमधून हा पक्षी १७८५च्या सुमारास नाहीसा झाला. १८३७ साली टेमथच्या जहागिरीत स्वीडनहून आणून सोडलेले पक्षी तिथे रुजले, पसरले आणि १९७०च्या दशकात वीस हजारांच्या घरात गेले. २०२१-२२च्या पाहणीत उरलेल्या पक्ष्यांचा अंदाज निघाला ५४२.

मग पुन्हा बाहेरून पक्षी आणावेत का? आणून सोडायचे कुठे, हे आधी ठरवावे लागेल. हरणांनी पाइनची कोवळी रोपे खाऊ नयेत म्हणून जंगल राखणाऱ्यांनीच तारेची कुंपणे घातली आणि झाडांतून वेगाने निघालेले हे जड पक्षी त्यांवर आदळून मेले. बरीच कुंपणे आता काढली आहेत, काहींवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून लाकडी पट्ट्या लावल्या आहेत. पिल्लांचे हाल वेगळेच. त्यांना ब्लेबेरीच्या झुडपांवरच्या अळ्या लागतात. जूनमध्ये पाऊस लागून राहिला की ती भिजतात, गारठतात, उपाशी मरतात. पावसावर कुणाचा इलाज नाही. माणसांच्या वर्दळीवर आहे. पायवाटांलगतचे जंगल कॅपरकेली टाळतो, म्हणजे नकाशावर जे जंगल दिसते त्यातला मोठा तुकडा त्याच्या उपयोगाचाच नसतो. एप्रिलच्या पहाटे नर शेपटीचा पंखा उभारून ठरलेल्या जागी नाचतात. ते पाहायला चोरून जाणारे हौशी छायाचित्रकार त्याच पक्ष्याची वीण धोक्यात घालतात.

अंडी खाणाऱ्या पाइन मार्टेनला मारा, अशीही मागणी होते. तो प्राणीही तिथलाच, आणि तोही एकेकाळी जवळजवळ संपत आला होता. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म्सच्या डोंगराळ भागात संशोधकांनी विणीच्या काळात मार्टेनने अंड्यांकडे वळू नये म्हणून हरणांचे मांस ठरावीक जागी ठेवून पाहिले. जिथे ते ठेवले, तिथे मादीमागे पिल्ले अधिक दिसली. बंदूक न उचलताही काम होते, याचा हा पुरावा आहे.

नाचाच्या वेळी पक्ष्यांना त्रास देणे स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे. तेवढ्यावर थांबू नये. विणीच्या जंगलांतल्या काही वाटा मार्च ते ऑगस्ट सरळ बंद ठेवाव्यात आणि उरलेल्या वाटांवर कुत्री साखळीलाच असावीत. स्थानिकांची गैरसोय होईल. ती सोसायला हवी.