चष्म्यावांचून चष्मा

चष्मा हरवला तर तो शोधावयासही चष्माच लागतो, ही आम्हां वृद्धांची नित्याची अडचण. संगणकासही ती पडते, हें आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवानें यंदाच्या दिवाळींत आम्हांस शिकविलें.

चिरंजीव पुण्यास नोकरीस आहे. नेकनूरास आला तो यंत्र घेऊनच. यंत्राच्या मूळ व्यवस्थेंतील चुका हुडकणारा एक 'डीबगर' तो रचीत होता. एरवीं तो सुरळीत चाले. परंतु पुष्कळ कामें एकदम चालूं असलीं कीं, डीबगरास हांक मारतांच सारें यंत्र कोसळे. तीन रात्री पोर जागलें. "अभ्यास कच्चा असेल, पुनः पहिल्यापासून वाच," असें आम्हीं मास्तरी थाटांत सुनावलें. तो कांहीं बोलला नाहीं. ताटावरून मात्र अर्धपोटीं उठला.

चवथ्या दिवशीं कारण सांपडलें. तें असें. यंत्राची चपळ स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती मर्यादित असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या 'टिफ्रॅक'ची चपळ स्मृति अवघी २०४८ शब्दांची होती. तींत काम बसविण्याची चिंता लिहिणारानेंच वाहावयाची. पुढें १९६२ सालीं मँचेस्टर विद्यापीठांतील 'अ‍ॅटलस' यंत्रानें ही चिंता आपल्या शिरावर घेतली. त्याची चपळ स्मृति १६,३८४ शब्दांची. तींत न मावणारीं पानें, प्रत्येकीं ५१२ शब्दांचीं, तें मंद स्मृतींत ठेवी व लागतांच परत आणी. आपण ओसरीवरील पोथ्या माळ्यावर टाकतों, तसेंच हें. आजचीं यंत्रें डिस्कवर असाच माळा करतात. त्या ने-आणीस 'स्वॅपिंग' म्हणतात.

सोय उत्तम. पण आमच्या चिरंजीवाचा डीबगर कामास येई तो सर्व व्यवस्था जागच्या जागीं थांबवून. त्याचींच पानें तेव्हां माळ्यावर गेलेलीं असलीं, तर तीं खालीं आणावयाचीं कोणीं? आणणारा गडी तर त्यानेंच थांबविलेला! म्हणून यंत्र कोसळे. तर्क बरोबर होता. चुकली होती ती पानें ठेवण्याची जागा. तेवढीं पानें रॅममध्यें खिळवून टाकतांच दोष गेला. लिनक्सच्या गाभ्याचीं पानें माळ्यावर जातच नाहींत. विंडोजच्या गाभ्यांतील कांहीं जाऊं शकतात, म्हणून कोणतें पान हलूं द्यावें, हें तेथें रचणारानें आधींच ठरवावें लागतें. सगळींच खिळवून मात्र चालत नाहीं. इतर कामांस जागाच उरावयाची नाहीं.

आम्हांस आमचे गुरुजी आठवले. सर्व ग्रंथ मुखोद्गत करा, असें ते कधीं म्हणाले नाहींत. परंतु शब्दरूपें व अमरकोश कंठस्थच हवेत, हा त्यांचा दंडक असे. ज्यांच्या बळावर पोथी लावावयाची, तीं पोथींत ठेवून भागत नाहीं.

आणि आम्हीं काय केलें? यंत्र केव्हां कोसळतें, एवढें विचारण्याचेंही न सुचतां निकाल देऊन मोकळे झालों. परीक्षकाची पहिली सामग्री म्हणजे प्रश्न. आमची तीच माळ्यावर राहिली होती. वाचकहो, घरांतील मूल यंत्रापुढें जागत असेल, तर रागें भरण्यापूर्वीं काय अडलें तें एकवार विचारा.

त्या रात्रीं पंक्तींत, सर्वांदेखत, "चूक आमची होती," असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें मान खालीं घातली, आणि पुनः भात मागितला.